मेलॅनोमा आणि घराण्याचा वारसा: तळव्यावरचा डाग, नात्यातली लग्नं आणि रक्ताची चाचणी

कंबर तलाव
त्वचेच्या ओपीडीत मेलॅनोमाचं निदान झालं की नातेवाईक दोनच प्रश्न विचारतात. 'हे आमच्यात वारशाने आलंय का?' आणि 'मुलांचं रक्त तपासायचं का?' उत्तर शोधायला लोक मोबाईल उघडतात. तिथे गोऱ्या कातडीच्या माणसांसाठी लिहिलेली माहिती सापडते: पाठीवरचे तीळ मोजा, उन्हात जाऊ नका, सीडीकेएन२ए जनुक तपासा. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला यातलं थोडंच लागू पडतं आणि जे खरंच लागू पडतं ते तिथे नसतं. म्हणून हा धागा काढला.

आधी मांडणी करून ठेवतो, जाणकारांनी भर घालावी. मेलॅनोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. आपल्या देशात तो वर्षाला लाखात एकाहूनही कमी जणांना होतो. होतो तेव्हा बहुतेक करून तळपाय, तळहात, नखाखाली, तोंडाच्या किंवा नाकाच्या आतल्या अस्तरात. वारशाच्या बाजूने पाहिलं तर तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पहिली, आई किंवा वडील एकाकडूनच येणारा जनुकदोष. दुसरी, आईवडील दोघांकडून आला तरच दिसणारा, म्हणजे झीरोडर्मा पिग्मेंटोझम, थोडक्यात एक्सपी, ज्यात उन्हाने बिघडलेला डीएनए दुरुस्तच होत नाही. तिसरी, तळव्याचा मेलॅनोमा, ज्यात बहुतेक वेळा वारसा नसतोच. या तिन्हींत कोणाला तपासायचं, कधी आणि कशासाठी, याची उत्तरं पूर्ण वेगळी आहेत.

मंगळवेढी ज्वारी
चांगलं केलंत. पहिल्या गोष्टीपासून सुरू करते.

सीडीकेएन२ए हे जनुक नवव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे. मेलॅनोमाशी त्याचा संबंध १९९४ मध्ये कळला. या एकाच जनुकातून पी१६ आणि पी१४ अशी दोन प्रथिनं तयार होतात. पी१६ चं काम पेशीच्या विभाजनाला ब्रेक लावण्याचं. सीडीके४ नावाचं प्रथिन पेशीला पुढे ढकलत असतं, त्याला पी१६ धरून ठेवतं. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. ब्रेक जन्मतः एका प्रतीत नादुरुस्त असेल आणि पुढे कधीतरी दुसरी प्रतही बिघडली, तर ती पेशी थांबत नाही. दोष असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी.

पण दोष मिळाला म्हणजे रोग झालाच असं नाही, आणि या मुद्द्यावर बहुतेक लेख वाचकाला घाबरवून सोडून देतात. २००२ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात हाच दोष असलेल्यांना वयाच्या ८० पर्यंत मेलॅनोमा होण्याचं प्रमाण युरोपात ५८ टक्के, अमेरिकेत ७६ टक्के आणि ऑस्ट्रेलियात ९१ टक्के आलं. जनुक तेच, ऊन वेगळं. शिवाय ती सगळी घराणी अनेक रुग्ण असलेली म्हणूनच निवडली होती. घराणं न पाहता मेलॅनोमाच्या रुग्णांपासून सुरुवात करून २००५ मध्ये मोजलं तेव्हा आकडा २८ टक्क्यांच्या आसपास आला. हे सगळे आकडे गोऱ्या लोकांचे आहेत. सावळ्या कातडीच्या घराण्याला ते जसेच्या तसे चिकटवू नका.

याच जनुकामुळे स्वादुपिंडाचा कर्करोगही होतो, आणि आपल्याकडे घराण्याचा इतिहास विचारताना तो हमखास सुटतो. दोष सिद्ध झालेल्यांना साधारण चाळिशीपासून दर वर्षी स्वादुपिंडाचा एमआरआय किंवा एंडोस्कोपीतून सोनोग्राफी सुचवतात. विडी, सिगारेट ओढणाऱ्यात हा धोका आणखी वाढतो, म्हणून ती सोडणं हा उपचाराचाच भाग समजावा.

बाकीची जनुकं थोडक्यात. सीडीके४ फार कमी घराण्यांत. बीएपी१ मध्ये दोष असेल तर डोळ्यातला मेलॅनोमा, मूत्रपिंडाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा. पीओटी१ गुणसूत्रांच्या टोकांची राखण करणाऱ्यांपैकी. एमसी१आर लाल केस आणि गोऱ्या कातडीशी जोडलेलं, त्याचा इथे फारसा संबंध येत नाही.

सातरस्ता
एखाद्या घरात साठीच्या काकांना तळव्याचा मेलॅनोमा निघाला. बाकी कोणाला कधी काही नाही. पुतण्यांनी चाचणी करावी का?

मंगळवेढी ज्वारी
सातरस्ता, नाही. मेलॅनोमा कमी असलेल्या प्रदेशांसाठी ढोबळ नियम असा: एकाच व्यक्तीला दोन स्वतंत्र मेलॅनोमा, किंवा घराण्याच्या एकाच बाजूला दोन जवळच्या नातेवाइकांना मेलॅनोमा, किंवा एकाला मेलॅनोमा आणि दुसऱ्याला स्वादुपिंडाचा कर्करोग. असं असेल तर आनुवंशिक समुपदेशनाला या. तुम्ही सांगितलेलं घर यात बसत नाही.

आणि चाचणी करायची ठरली तरी ती आधी काकांची, पुतण्यांची नव्हे. हा क्रम उलटा झाला की पैसे वाया जातात आणि खोटा दिलासा मिळतो. निरोगी पुतण्याचा रिपोर्ट 'काही सापडलं नाही' असा आला, तर त्याचे दोन अर्थ निघतात: घराण्यात दोष आहे पण त्याला मिळाला नाही, किंवा घराण्यातला दोष या चाचणीत दिसतच नाही. कोणता खरा ते कळायला रुग्णाचाच रिपोर्ट लागतो. रुग्णात दोष सापडला की मग नातेवाइकांमध्ये नेमका तेवढाच शोधायचा, ती चाचणी छोटी आणि निःसंदिग्ध असते.

रिपोर्टमध्ये 'अनिश्चित महत्त्वाचा बदल' असं येऊ शकतं, म्हणजे जनुकात बदल दिसतो पण तो घातक की निरुपद्रवी ते अजून ठरलेलं नाही. भारतीय रक्तात हे जास्त येतं, कारण तुलनेच्या माहितीसाठ्यात आपली माणसं कमी आहेत. असा बदल म्हणजे दोष नव्हे. त्यावरून कोणाचं लग्न मोडू नये आणि कोणती शस्त्रक्रियाही करू नये. दोनेक वर्षांनी लॅबकडून फेरवर्गीकरण मागावं.

बाराबंदी
आता तळव्याबद्दल, कारण आपल्याकडे माणसं दगावतात ती इथे उशीर झाल्यामुळे.

तळव्याच्या मेलॅनोमाचा उन्हाशी संबंध नाही आणि बहुतेक वेळा वारशाशीही नाही. त्यामुळे 'आमच्या घरात कोणाला नाही' या वाक्याने इथे काहीच सिद्ध होत नाही. रुग्ण साधारण पन्नाशीपुढचा. डाग टाचेवर किंवा चवड्यावर, म्हणजे भार पडतो तिथे. सुरुवातीला नुसता तपकिरी-काळा सपाट डाग, कडा वेड्यावाकड्या, रंग एकसारखा नाही. मग तो जाड होतो, चिरतो, पाणी सुटतं, रक्त येतं.

चुकतं कुठे ते क्रमाने सांगतो. पहिल्यांदा तो कुरूप समजला जातो आणि त्यावर बिबवा लावतात किंवा मेडिकलमधली कॉर्नची पट्टी. दोन्हींनी वरची कातडी जळते, डाग पुसट होतो, माणूस निश्चिंत होतो. दुसऱ्यांदा तो 'बरी न होणारी जखम' होतो, मधुमेह असेल तर सगळा दोष साखरेवर जातो आणि महिनोन्‌महिने ड्रेसिंग चालतं. काही वेळा तो लेझरने किंवा डाग देऊन जाळला जातो, आणि तपासायला ऊतीचा कणही उरत नाही. काही मेलॅनोमा तर काळे नसतातच, गुलाबी मांसाच्या गोळ्यासारखे दिसतात. म्हणून दोन महिन्यांच्या योग्य उपचाराने न भरणारी तळव्याची जखम, रंग कोणताही असो, बायोप्सीला गेलीच पाहिजे.

कुरूप ओळखायची एक सोपी खूण आहे. वरचा घट्टा ब्लेडने अलगद तासला की कुरुपाच्या मध्यभागी पारदर्शक, मेणासारखा खडा दिसतो. काळे ठिपके दिसले तर ती चामखीळ असते, ते गोठलेल्या केशवाहिन्यांचे ठिपके. बूट चावून साकळलेलं रक्तही काळं दिसतं, पण तासल्यावर निघून जातं, निदान काही आठवड्यांत नखाबरोबर किंवा कातडीबरोबर पुढे सरकतं. मेलॅनोमाचा रंग जागचा हलत नाही. हे तासण्याचं काम डॉक्टरांकडूनच, घरी नाही.

डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं दिव्याचं भिंग, असेल तर आपल्या भागातल्या माणसाला एका शब्दात समजेल असं सांगतो: सरी-वरंबा. तळव्याच्या कातडीवर शेतासारख्याच सऱ्या आणि वरंबे असतात. रंग सऱ्यांमध्ये साठलेला असेल तर तो बहुधा साधा तीळ. रंग वरंब्यांवर पट्ट्यापट्ट्यांनी असेल तर बायोप्सी. जपानी डॉक्टरांनी ही खूण बसवली आणि तळव्यासाठी तिच्याइतकी उपयोगी दुसरी खूण नाही.

नखाचं वेगळं. सावळ्या माणसांत अनेक नखांवर बारीक काळ्या उभ्या रेघा असणं नेहमीचं आहे. चिंता कधी? एकाच नखावर, बहुधा अंगठ्यावर, नवी रेघ आली, ३ मिलिमीटरपेक्षा रुंद झाली, मुळाशी रुंद आणि टोकाशी अरुंद आहे, किंवा काळेपणा नखाच्या मुळाजवळच्या कातडीवर उतरला. या शेवटच्या खुणेला हचिन्सनची खूण म्हणतात. प्रसिद्ध जमैकन गायक बॉब मार्ली यांचा मेलॅनोमा पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचाच होता, १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी ते गेले.

शेंगापोळी
बायोप्सीच्या टेबलावर काय बिघडतं ते मी लिहितो.

डाग लहान असेल तर १ ते ३ मिलिमीटर कडेसह पूर्ण काढून पाठवावा. तळव्यावर मोठा असेल आणि पूर्ण काढणं शक्य नसेल तर सर्वांत जाड आणि सर्वांत काळ्या जागेतून पंच, म्हणजे गोल पातीने काढलेला छोटा तुकडा, गरज पडली तर दोन-तीन ठिकाणांहून. नुसतं वरवर खरवडून पाठवलं तर जाडी मोजता येत नाही, आणि मेलॅनोमात सगळं जाडीवर अवलंबून असतं. १९७० मध्ये अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी ही मोजणी मांडली, आजही तिचं नाव तेच. १ मिलिमीटरपर्यंत जाडी असेल तर १ सेंटिमीटर कडेने कापतात, २ च्या वर गेली तर २ सेंटिमीटर. १ च्या वर गेली की जांघेतल्या किंवा काखेतल्या पहिल्या लसिकाग्रंथीची तपासणीही सुचवतात.

नमुना १० टक्के फॉर्मालिनमध्ये, नमुन्याच्या किमान दहापट द्रव. सलाइनमध्ये किंवा कोरड्या बाटलीत पाठवलेला तुकडा कुजतो. रिपोर्टमध्ये ब्रेस्लो जाडी, व्रण आहे का, मायटोसिस (विभाजन होत असलेल्या पेशी) किती आणि कडा मोकळ्या आहेत का, हे चार नसतील तर लॅबकडून मागून घ्या.

आणखी एक गोंधळ इथेच सुरू होतो. मेलॅनोमाच्या गाठीच्या रिपोर्टवर 'बीआरएएफ पॉझिटिव्ह' किंवा 'केआयटी म्युटेशन', म्हणजे या जनुकांत बदल, असं आलं की घरचे समजतात, मुलांना धोका. तो बदल फक्त गाठीत झालेला असतो, तो औषध निवडायला पाहतात. वारशाची चाचणी रक्तातून किंवा लाळेतून होते, गाठीतून नव्हे.

आसरा
मग आपल्याकडे वारसा खऱ्या अर्थाने येतो कुठे?

मंगळवेढी ज्वारी
एक्सपीमध्ये. आणि सोलापुरात हे विशेष सांगायला हवं, कारण मामाच्या मुलीशी लग्न हे मराठी, कानडी, तेलुगू तिन्ही बोलणाऱ्या घरांत होतं. तेलुगू घरांत त्याला मेनरिकम म्हणतात, आणि काही घरांत मामा-भाचीचंही लग्न होतं. मी कोणाच्या चालीरीतीला नावं ठेवत नाहीये, फक्त गणित मांडते.

उन्हातली अतिनील किरणं पेशीतल्या डीएनएच्या शेजारशेजारच्या अक्षरांना चिकटवून टाकतात. निरोगी पेशी तो तुकडा कापून नवा बसवते. एक्सपीमध्ये या नुकसानीला तोंड देणाऱ्या आठ जनुकांपैकी एकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. ही दुरुस्ती अडलेली असते हे १९६८ मध्ये जेम्स क्लीव्हर यांनी दाखवलं. एक प्रत चांगली असलेला माणूस वाहक, त्याला काही होत नाही आणि त्याला ते माहीतही नसतं.

समजा आजोबा वाहक आहेत. त्यांची नातवंडं, म्हणजे आत्याचा मुलगा आणि मामाची मुलगी, प्रत्येकी वाहक असण्याची शक्यता चारात एक. दोघंही वाहक असण्याची सोळात एक. मूल बाधित होण्याची त्याच्याही चौथाई, ६४ मध्ये एक. मामा-भाचीत तोच हिशोब ३२ मध्ये एक होतो. हे 'आजोबा वाहक आहेत' असं धरून. ते बहुतेकदा नसतात, म्हणून बहुतेक अशा जोडप्यांची मुलं एक्सपीमुक्त असतात.

पण घरात एक बाधित मूल झालं की हिशोब पूर्ण बदलतो. आईवडील दोघंही वाहक ठरले. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात शक्यता २५ टक्के, 'एकाला झालं, आता नाही होणार' हा समज चुकीचा. बाधित मुलाच्या निरोगी भावाची वाहक असण्याची शक्यता निम्मी नाही, तीनात दोन आहे, कारण तो बाधित नाही हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. हाच भाऊ मामाच्या मुलीशी लग्न करायचा म्हणत असेल, तर तिची चारात एक. दोन तृतीयांश गुणिले पाव गुणिले पाव, म्हणजे २४ मध्ये एक, आणि आईवडीलही नात्यातले असतील तर यापेक्षा जास्त. अशा वेळी लग्नाआधी दोघांची वाहक-चाचणी करणं हेच योग्य. दोघांपैकी एकजण मोकळा निघाला की या रोगापुरती काळजी संपते. दोघंही वाहक असतील आणि लग्न झालेलंच असेल, तर गरोदरपणाच्या ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन तपासता येतं. त्यासाठी घराण्यातला नेमका दोष आधी माहीत असावा लागतो, म्हणून बाधित मुलाची चाचणी लांबणीवर टाकू नका.

बाराबंदी
एक्सपीचं मूल ओळखायचं कसं: दोन वर्षांच्या आत चेहऱ्यावर, नाकावर, हातांच्या मागे गडद ठिपके. आपल्या वर्णाच्या तान्ह्या मुलाला एवढ्या लवकर ठिपके येणं नैसर्गिक नाही. कपड्याखालची कातडी मात्र साफ. उजेडात डोळे मिटून घेणं, डोळे लाल, कातडी कोरडी. निम्म्याच्या आसपास मुलं थोड्याशा उन्हानेही भाजतात आणि ती लाली आठवड्यावर टिकते. बाकीची भाजत नाहीत, म्हणून 'ऊन बाधत नाही' यावरून एक्सपी नाही असं ठरवू नका. सुमारे चौथाई मुलांत ऐकू कमी येणं, चालण्यात-शिकण्यात मागे पडणं हेही हळूहळू वाढतं, म्हणून श्रवण तपासणी दर वर्षी.

आकडे कठोर आहेत. वीस वर्षांखालच्या एक्सपी रुग्णांत मेलॅनोमाचा धोका इतरांच्या सुमारे २००० पट, बाकीच्या त्वचाकर्करोगांचा १०,००० पट. पहिला त्वचाकर्करोग साधारण नवव्या वर्षी. पण ऊन पहिल्या दिवसापासून अडवलं तर कातडीचं बरंच नुकसान टळतं. निदान लवकर होण्याचा सगळा फायदा इथे आहे.

कोड किंवा जन्मतः पांढरेपणा याच्याशी गल्लत नको. पांढरेपणात रंगाच्या पेशी असतात पण रंग बनत नाही, केस आणि डोळेही फिके असतात. त्यांनाही ऊन जपावंच लागतं.

धोटा
ऊन अडवण्याबद्दल थोडं. एक्सपी आणि पांढरेपणा असलेल्यांसाठी हे जीवनमरणाचं आहे. तळव्याच्या मेलॅनोमासाठी याचा उपयोग नाही, हेही स्पष्ट सांगून ठेवतो.

सोलापूर १७.७ अंश अक्षांशावर. सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला. डिसेंबरातही दुपारी तो ४९ अंशांवर असतो. म्हणजे जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतली थंडी हवेत असते, किरणांत नाही. ढगाळ दिवसही मोकळा समजू नका.

कापड उजेडासमोर धरा. बोटं दिसली तर किरणंही आत येतात. पातळ पांढरा सुती सदरा ओला झाला की आणखी झिरपतो. घट्ट विणीचं, गडद रंगाचं, पूर्ण बाह्यांचं कापड घ्या. टॉवेल डोक्यावर टाकणं पुरत नाही, चेहरा बाजूने उघडा राहतो. सगळीकडून तीन इंच काठाची टोपी आणि बाजूने बंद चष्मा लागतो.

सनस्क्रीन कमी लावणं ही सर्वांत मोठी चूक. डब्यावरचा एसपीएफ दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. मोठ्या माणसाला अंगभर एका वेळी ३० मिलिलिटरच्या आसपास लागतं. निम्मं लावलं तर संरक्षण निम्म्याहून खाली जातं. दर दोन तासांनी पुन्हा. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेली ट्यूब फुटते, पाणी आणि तेल वेगळं होतं. ती टाकून द्या.

अतिनील किरणांचे दोन प्रकार: साध्या काचेत यूव्हीबी अडतो, यूव्हीए आत येतो. घराच्या आणि वर्गाच्या खिडकीला पारदर्शक यूव्ही फिल्म लावता येते, खोली अंधारी करायची गरज नाही. शाळेला एवढंच सांगायचं: जागा खिडकीपासून लांब, प्रार्थना आणि खेळाचा तास आत. एलईडी दिव्यांची भीती नाही. वेल्डिंगच्या ठिणगीपासून मात्र मूल पूर्ण लांब. आणि ऊन बंद म्हणजे 'ड' जीवनसत्त्व कमी, ते रक्तात मोजून पूरक द्यावं.

सातरस्ता
सोलापुरातून कुठे जायचं आणि नेताना काय न्यायचं?

कंबर तलाव
पहिली बायोप्सी इथेच होते, सिव्हिलच्या त्वचा विभागात किंवा कोणत्याही त्वचातज्ज्ञाकडे. कर्करोगाच्या उपचारासाठी जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालय आहे. आनुवंशिक समुपदेशनासाठी मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय, रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी पोचता येतं.

नेताना बायोप्सीचा मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्या न्या, नुसता कागद नको. ठोकळा लॅबकडून लेखी मागा. उन्हाळ्यात तो गरम डिकीत ठेवू नका, मेण मऊ होतं.

दुसरं, तीन पिढ्यांची वंशावळ. पुरुष चौकोन, स्त्री वर्तुळ, रोगी भरलेला, नात्यातलं लग्न दुहेरी रेघेने. आईची बाजू आणि वडिलांची बाजू वेगळी. म्हाताऱ्या माणसांना 'कॅन्सर होता का' विचारलं तर 'नाही' येतं. असं विचारा: पाय किंवा बोट कापावं लागलं होतं का? जांघेत गाठ आली होती का? न दुखता पिवळे पडून, खंगून कोणी गेलं का? पहिल्या दोन प्रश्नांतून तळव्याचा मेलॅनोमा निघतो, तिसऱ्यातून स्वादुपिंड. लहानपणी उन्हाने अंग काळं-ठिपकेदार होऊन, डोळे जाऊन गेलेलं मूल होतं का, हेही विचारा. ते बहुतेक घरांत कोणी आपणहून बोलत नाही.

आसरा
मुलांची चाचणी कोणत्या वयात?

मंगळवेढी ज्वारी
एक्सपीचा संशय असेल तर आज. उपचार वयावरच अवलंबून आहे.
सीडीकेएन२ए घराण्यात असेल तर साधारणपणे मूल सज्ञान होऊन स्वतः ठरवेपर्यंत थांबतात. ऊन जपणं आणि दहा-बारा वर्षांपासून वार्षिक त्वचातपासणी ही चाचणीशिवायही सुरू करता येते.

शेंगापोळी
रक्त देतानाच्या गोष्टी राहिल्या. जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी, मोठ्यांचं ३ ते ४ मिलिलिटर, भरल्यावर आठ-दहा वेळा अलगद उलटी-सुलटी करायची, हलवायची नाही. हिरव्या टोपणाची हेपारिनची नळी नको, तिने जनुकचाचणीची प्रक्रिया अडते. नळीवर नाव आणि तारीख बेडशेजारीच लिहायची. फ्रीजमध्ये चालते, फ्रीझरमध्ये नाही. कुरिअरला थंड पॅक लावा पण नळी थेट बर्फाला टेकू देऊ नका, मधे कापूस किंवा पुठ्ठा. सोमवार ते बुधवार पाठवा, शनिवारी निघालेला नमुना रविवारभर गोदामात तापतो. रुग्णाला नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं असेल तर लॅबला आधी कळवा. प्रत्यारोपणानंतर रक्तात दात्याचं जनुक निघतं, तिथे त्वचेचा नमुना लागतो. आणि पॅनेल, म्हणजे एकत्र तपासायच्या जनुकांचा संच, निवडताना एक प्रश्न विचारून घ्या: मोठा तुकडा गळालेला असेल तर तो या चाचणीत दिसतो का? 'नाही' म्हणाले तर त्यासाठी एमएलपीए, म्हणजे गळालेले तुकडे शोधणारी चाचणी, वेगळी मागा.